कुंकू लावलेलं काडतूस

“सूनबाई, उजव्या नळीत छर्रा, डाव्या नळीत गोळी. पयला बार भेव दाखवाले, दुसरा जीव वाचवाले. इसरू नोको.”

मामंजी गेले, तरी दर दसऱ्याला बंदूक पूजताना त्यांचा आवाज कानात येतो. काडतुसं काढून त्यांना कुंकू लावायचं आणि परत भरायचं, हे आमच्याकडे सुनेचं काम.

यंदा नेमका तेव्हाच ओसरीवर वाद पेटला. आदल्या दिवशी रानडुकरानं गावातल्या मधुकररावांची मांडी हाडापर्यंत फाडली होती.

“छर्ऱ्यानं डुकर मरते का, भाऊ? त्याले खाजवल्यावानी वाटते,” माझा दीर भैय्यालाल म्हणाला. “दोन्ही नळ्यांत गोळीच पायजे.”

“गोळी आरपार जाते. मांगं कोन हाये, थे पाहत नाही,” हे म्हणाले. “छर्रा आपल्या वावरातून तलावाच्या पाळीवर बी पोचत नाही.”

“मंग वैनीले पांढरं लुगडं आनून ठेव!”

सगळे हसले. मी डब्यातून आणखी एक गोळीचं काडतूस काढलं. दोन्ही नळ्यांत गोळ्याच भरल्या. छर्ऱ्याचं काडतूस देवाच्या ताटातच राहिलं. कोणाला बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मी न्याहारी घेऊन बांधावर पोचते तोच धानातून डुक्कर सुटलं. यांना पाडून त्यानं पोटरीचा लचकाच तोडला. पलीकडे तलावाच्या पाळीवर इश्वर ढिवर मासोळीचं जाळं झटकत होता. यांना तो दिसत होता. पण यांच्या लेखी उजवी नळी छर्ऱ्याची, म्हणून यांनी पडल्यापडल्या बार काढला.

गोळी डुकराच्या मानेतून निघून इश्वरच्या पोटात शिरली.

मी धावले. जाळ्यासकट आतडी हातांनी दाबून तो बसला होता.

“वैनी, हे छर्ऱ्याचं काम नोहे... माह्या पोरीले, नीतूले खरं सांगजो.”

“सांगीन, इश्वरभाऊ.”

एवढं ऐकून तो कलंडला.

परतले तर हे बंदूक उघडून बसलेले. डाव्या नळीतही गोळी, उजवीतही गोळीचंच रिकामं पुंगळं. माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. पोलीस आले तेव्हा हे म्हणाले, “साहेब, बंदूक मीच भरली.” मग मला हळूच, “चूप राय, रुखमा. घरी पोरं हायेत.”

हे आता भंडाऱ्याच्या जेलात आहेत. देवापुढच्या दिव्याचा माझा नेम चुकला नाही. पण हात जोडले की देवाचं नाव तोंडातून निघत नाही.

आज इश्वरची तेरवी. दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. ताटातलं काडतूस उचललं. कुंकू वाळून पापुद्रा झालं होतं, ते पुसलं नाही. पदराच्या गाठीत बांधलं आणि पाळीवरून नीतूच्या घराकडे चालू लागले.