निळ्या फितीची कोंबडी

"सहा," तपासणीबाई पुटपुटल्या आणि कुंपणाच्या जाळीला नाक लावून पुन्हा मोजायला लागल्या.

पलीकडच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली कोंबड्या माती उकरत होत्या. दोन तांबड्या, दोन पांढऱ्या, एक काळी, एक बोडक्या मानेची. सहाच. कालही सहाच होत्या, परवाही.

"अगं काजे, तुझी ठिपकी कुठं दिसत नाही ती?"

दोरीवर धुणं घालणारी शेजारीण मागे वळली नाही. "असेल की आत. अंडं घालत असेल."

"तीन दिवस? अंडं घालतेय का घर बांधतेय?"

"घर बांधत असेल. तुझ्या कुंपणाला लागून बांधू नको, असं सांगते तिला."

एरवी एवढ्यावर दोघी खळखळून हसल्या असत्या. आज काजवालीने ओला टॉवेल नुसताच झटकला. तपासणीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दोघींना गल्लीत कुणी नावाने ओळखतच नसे. शर्टांच्या कारखान्यात एकीने एकतीस वर्षं काज शिवले, दुसरीने एकतीस वर्षं तयार शर्ट तपासले. कारखाना कधीच बंद पडला, त्या जागेवर आता गाड्या धुतात, पण नावं चिकटली ती चिकटलीच. तपासणीबाई खिशात निळा खडू ठेवत. कॉलर वाकडी दिसली, टाका निसटलेला दिसला की त्यावर खडूची फुली. त्यांच्या फुलीवर साहेबांचंही चालत नसे. घरी आल्यावरही डोळे तेच काम करत. सून म्हणायची, "आई आंघोळ करून आल्या की साबणसुद्धा घाबरतो, आपल्यावर फुली मारतील म्हणून."

आता वयामुळे जवळचं धूसर दिसे. वाचायला, भाजी निवडायला चष्मा लागे. लांबचं मात्र लख्ख. गल्लीच्या टोकाला कोण कुणाशी बोलतंय, हे त्या अंगणातून सांगत.

कोंबड्या दोघींनी एकाच वर्षी पाळायला घेतल्या, आणि कोंबडा मात्र दोघींत एक. दोन कोंबडे ठेवले तर त्यांची भांडणं कोण सोडवणार, असं म्हणून तपासणीबाईंच्या नवऱ्याने कुंपणाची जाळी खालून वीतभर कापून फट केली होती. सकाळी कोंबडा इकडे, दुपारी तिकडे. कोंबड्याही मनाला येईल तेव्हा ये-जा करत. अदलाबदल होऊ नये म्हणून तपासणीबाईंनी आपल्या नऊ कोंबड्यांच्या पायात कापडाची निळी फीत बांधली होती. काजवालीच्या सात जणींच्या पायात काहीच नव्हतं. "तुझ्या ओळखल्या की उरलेल्या माझ्या," ती म्हणे. या फटीतूनच दोघींचं सगळं जाई-येई: कढीपत्ता, कात्री, रुसवे, बातम्या. एकमेकींच्या पुढच्या दाराने जाण्याची वेळ वीस वर्षांत आली नव्हती.

सोमवारी सकाळी भोंगा लावलेली जीप फिरली. पुलापलीकडच्या मोठ्या पोल्ट्रीत पक्षी पटापट मेले होते. अंगणात कोंबड्या असतील त्यांनी त्या कोंडून ठेवाव्यात, दुसऱ्यांच्या कोंबड्यांत मिसळू देऊ नयेत, एकही पक्षी मेला तर हात न लावता या नंबरवर कळवावं. रोग जिथे सापडेल तिथून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नेऊन मारणार.

तपासणीबाई तेव्हा नातीला शाळेत सोडायला गेल्या होत्या. भोंगा त्यांनी शाळेच्या फाटकाशी ऐकला. घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता त्यांनी मोरीजवळची फळी उचलली आणि फटीवर चार खिळे ठोकले. कोंबडा त्या घटकेला पलीकडे होता, तो पलीकडेच राहिला.

"अगं, मला एका शब्दाने विचारायचं तरी!" काजवाली पलीकडून म्हणाली होती.

"सरकारी हुकूम आहे. घरात लहान पोर आहे माझ्या."

काजवाली गप्प बसली होती. तेव्हा तपासणीबाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. कारण काजवाली गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. ती गप्प बसली, म्हणजे काहीतरी झाकलेलं असतं.

याला पुरावा होता. कारखान्यात एक नवी मुलगी आली होती, हाताने कच्ची, डोळ्यांत सदा पाणी. तिने दोन डझन शर्टांचे काज उलट्या पट्टीवर शिवून ठेवले. काजवालीने ते आपल्या गठ्ठ्यात घालून पुढे पाठवले. पण काजवालीचा टाका तपासणीबाई झोपेतही ओळखत; कडेला दाट, टोकाला तीन वेढे, जणू छापलेला. हे काम तिचं नाही हे त्यांना कळलं, तरी गठ्ठा तिचा होता. त्यांनी चोवीस फुल्या मारल्या. काजवालीला आठवडाभर घरी बसवलं. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझं काम तू केलंस." मुलीचं नाव तिने शेवटपर्यंत काढलं नाही.

अशी बाई. झाकायला बसली तर आभाळ झाकेल.

दुपारी तपासणीबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर चढल्या. तिथून लिंबाचं झाड पुरतं दिसे. बुंध्याजवळ हातभर जागेतली माती ताजी होती, आणि तिच्यावर पांढरा चुना भुरभुरलेला. वर एक पाटा पालथा घातला होता, कुत्र्याने उकरू नये म्हणून ठेवतात तसा.

त्या तशाच खाली उतरल्या.

"सूनबाई, हिची ठिपकी मेलीय. पुरलीय हिने."

सून भांडी पुसत होती. "विचारा ना मग सरळ."

"विचारलं. अंडं घालतेय म्हणाली."

"मग कळवा तरी. नाहीतर सोडून द्या. दोन्हीच्या मधे लोंबकळू नका, आई. पोर रोज त्या कुंपणाशी खेळते."

हेच तर दुखणं होतं. कळवलं तर काजवालीच्या सहा जातील, कोंबडा जाईल, आणि भिंतीला भिंत लागून असल्यामुळे आपल्याही नऊ जातील. त्या नवांत त्यांचीही एक ठिपकी होती. नवऱ्याने शेवटच्या आजारपणात, खोकत खोकत, टोपलीत भुसा घालून खुडूक कोंबडीखाली अंडी मांडली होती. पिल्लं फुटली तेव्हा तो नव्हता. त्या अंड्यांतून दोन ठिपक्या निघाल्या. एक आपल्याला ठेवली, एक काजवालीला दिली. बाकीची पिल्लं घारीने, मांजराने नेली. आठ वर्षं झाली. म्हाताऱ्या ठिपकीने अंडी घालणं केव्हाच सोडलं होतं, पण तिला कुणी विकायची गोष्ट काढली की तपासणीबाई ऐकू न आल्यासारखं करत.

आणि न कळवावं, तर? नात सकाळपासून दोनदा शिंकली होती. धुळीने असेल. पण नसेल तर?

त्या पुन्हा कुंपणाशी गेल्या. "काजे, लिंबाखाली काय पुरलंस?"

काजवालीच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला तिने फार वेळ लावला. "खत घातलंय."

"चुना टाकून?"

"मुंग्या लागतात." मग सरळ उभी राहून म्हणाली, "एवढं बारकाईने बघतेस ना, बाई, तर एकदा आपल्या पायाखालीही बघत जा."

हे फारच झालं. चोराच्या उलट्या बोंबा! तपासणीबाई तशाच आत गेल्या आणि जीपवाल्यांचा कागद समोर धरून नंबर फिरवला.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. पत्ता झाला, शेजारणीचं नाव झालं. "आजी, तुमच्याकडेही पक्षी आहेत का?"

"नऊ आहेत. नऊच्या नऊ ठणठणीत."

"नीट तपासल्यात?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "मोजल्यात," त्या म्हणाल्या.

"मोजू नका, बघा. हातमोजे घालून एकेकीला धरा. तुरा काळानिळा पडलाय का, डोळे सुजलेत का, पायांवर डाग आहेत का. डॉक्टर तासाभरात येतील."

तपासणीबाईंनी मुद्दाम चष्मा लावला. सुनेचे भांडी घासायचे हातमोजे चढवले. खुराड्याच्या दारात बसून एकेक कोंबडी मांडीवर घेतली. तुरा, डोळे, पाय, की सोडली टोपलीखाली. एक, दोन, तीन. सगळ्या धडधाकट. सातवी ठिपकी होती. आज भलतीच अंग चोरत होती; हात लावू देईना. एरवी ही आपणहून मांडीत येऊन बसे. त्यांनी पाय धरला. डाग नव्हता. निळी फीत होती.

फितीची गाठ मात्र नव्हती.

तपासणीबाई साधी गाठ मारत, दोन पेडांची, टोकं लोंबती. इथे फितीची दोन्ही टोकं एकावर एक ठेवून शिवली होती. कडेला दाट टाका. टोकाला तीन वेढे.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग कोंबडीची मान वळवून पाहिली. त्यांच्या ठिपकीच्या डाव्या डोळ्यामागे एक पांढरं पीस होतं. हिला नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या शाळेच्या वाटेवर होत्या. भोंगा वाजत होता. फट उघडी होती. त्यांची म्हातारी ठिपकी पलीकडे लिंबाखाली जाऊन पडली असणार. आणि काजवालीने तिच्या पायातली फीत सोडवून, आपल्या ठिपकीच्या पायात शिवून, ती फटीतून इकडे ढकलली असणार. इकडे नऊच राहाव्यात म्हणून. तिच्या सात होत्या, त्या सहा झाल्या.

आणि फीत तरी साधी गाठ मारून बांधावी! पण त्या बाईच्या हाताला कच्ची कड सोडवतच नाही.

पुढच्या दाराशी जीपचा आवाज आला. जीप त्यांच्याकडे थांबली नाही, शेजारी थांबली.

तपासणीबाई हातमोज्यांसकट मागून धावल्या, फळीशी अडल्या, आणि रस्त्याने वळसा घालून गेल्या. तोवर पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी पाटा बाजूला करून माती काढली होती. डॉक्टर तरुण होता, तोंडावर मास्क, हातात कागद.

"कळवायचं सोडून पुरलीत, मावशी? कळवणाऱ्यांनी कळवलं म्हणून बरं."

काजवालीने दारात आलेल्या तपासणीबाईंकडे एकदा पाहिलं. नजर पुन्हा डॉक्टरकडे वळवली. "म्हातारी होती, साहेब. रात्रीतून गेली. चोच उघडी नाही, तुरा निळा नाही. मी पाहिलं होतं."

"ते लॅब सांगेल. कोंबडी कुणाची?"

"माझी," काजवाली म्हणाली.

"माझी आहे," तपासणीबाई म्हणाल्या.

डॉक्टरने मास्क खाली ओढला. "मेलेल्या कोंबडीला दोन मालक? एरवी एकही पुढं येत नाही."

"माझी आहे. डाव्या डोळ्यामागे पांढरं पीस आहे, बघा. ही माझ्या अंगणातली. हिने काही केलेलं नाही. लिहा माझं नाव."

"ऐकू नका तिचं, तिला जवळचं दिसत नाही," काजवाली म्हणाली.

डॉक्टरने माती झटकून पाहिलं. पांढरं पीस होतं. त्याने तपासणीबाईंचं नाव लिहिलं. मग कोंबडा एकच आहे हे कळल्यावर दोन्ही अंगणं मिळून एकच कळप धरला. अहवाल येईपर्यंत एकही पक्षी हलवायचा नाही, अंडी खायची नाहीत, कुणी कुणाकडे जायचं नाही. अहवाल वाईट आला तर सगळे न्यायचे.

बारा दिवस गेले. तपासणीबाई रोज चष्मा लावून कोंबड्या पाहत. पलीकडून काजवालीचा आवाज ऐकू येई, पण तो कोंबड्यांशी बोलण्याचा. इकडे ऐकू जाईल असं ती एकदाच बोलली: "कोंबडा खातोय नीट." तपासणीबाई म्हणाल्या, "बरं." आणखी काही बोलावं म्हणून त्या फळीशी उभ्या राहिल्या, तर पलीकडे दार लागल्याचा आवाज आला.

तेराव्या दिवशी सकाळी फोन आला. रोग नव्हता. वयाने गेली होती. काजवालीच्या डोळ्यांनी जे पहिल्याच दिवशी सांगितलं, तेच लॅबने शिक्का मारून सांगितलं.

"बघा, सुटलो एकदाचे!" सून म्हणाली. "आता काढा ती फळी."

तपासणीबाई पक्कड घेऊन बसल्या. चार खिळे, सोमवारच्या भीतीने ठोकलेले, डोक्यापर्यंत रुतलेले. एकेक उपटताना हाताला फोड आला. फळी सुटली. त्यांनी ती बाजूला ओढली.

मागे दुसरी फळी होती. नवी, रंधा मारलेली, पलीकडून ठोकलेली. एकाही खिळ्याचं टोक इकडच्या बाजूला निघू नये असे बेताचे खिळे मारले होते, कुणाला लागू नये म्हणून.

त्यांनी पक्कड खाली ठेवली. मग उठून खुराड्यापाशी गेल्या. दाराच्या फळीवर त्यांनी निळ्या खडूने कधीकाळी नऊचा आकडा लिहिला होता. पदराने तो पुसला आणि आठ लिहिला. ठिपकीला काखेत घेतलं, पदर नीट केला, चपला घातल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडून रस्त्याने वळसा घेतला.

काजवालीच्या दाराला बेल होती. ती कुठे आहे हे त्यांना शोधावं लागलं.

"कोण?" आतून आवाज आला.

वीस वर्षांत हा शब्द काजवालीने त्यांना विचारला नव्हता. तपासणीबाईंनी कोंबडीचे पाय हातात घट्ट धरले. फितीवरचा टाका बोटाला लागला.

"तुझी सातवी आणलीय," त्या म्हणाल्या, आणि दार उघडण्याची वाट पाहत पायरीखाली उभ्या राहिल्या.