अधिक महिन्याचा पासवर्ड

मायाक्का मेमो घेऊन रागानं ऑफिसात शिरली.

सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात ती अठरा वर्षं नर्स. गेल्या मंगळवारी ती रजेवर, घरी जावयाला अधिक महिन्याचे धोंडे वाढत होती. तेव्हा इकडं कुणीतरी घाईत तिच्या नावानं कॉम्प्युटर उघडला आणि भलत्याच बाईची ‘पेनिसिलिन चालत नाही’ ही ओळ पुसली. तिला पेनिसिलिन टोचलं गेलं, बाई मरता मरता वाचली. मेमोत लिहिलं होतं : स्वतःचा पासवर्ड बाहेर फोडला, कामावरून का काढू नये?

“पासवर्ड कुणालाही ओळखता येण्यासारखा होता, सिस्टर,” कॉम्प्युटरचं बघणारा महेश्वर म्हणाला. शेजारी दवाखान्याच्या मालकीणबाई, अक्षता मॅडम बसलेल्या.

“व्हता की. पन तसा कुनामुळं झाला? सहा वर्सं माझा एकच व्हता. आईच्या सात शेळ्यांची नावं, रातच्याला वाघरात, जाळीच्या कुंपनात, शिरायच्या क्रमानं. नवऱ्यालाबी ठाव न्हवता. तुमी आलात आन म्हनालात, दर तीस दिवसांनी बदला. दर महिन्याला सात शेळ्या कुटनं आनू?”

मॅडमना हसू आलं. मायाक्काला आलं नाही.

“मग समद्यांनी केलं तेच मी केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातला मराठी महिना, फुडं एकचा आकडा. अख्ख्या मजल्याला ठाव हाय.”

“नियम सुरक्षेसाठी आहे. मीही पाळतोच ना.”

बोलता बोलता त्याचा स्क्रीन आपोआप बंद झाला होता. मायाक्कानं कीबोर्ड ओढला. महेश्वर उठायला लागला, तसं मॅडमनी त्याला हातानंच बसवलं. इंग्रजी अक्षरांत ‘ज्येष्ठ’, पुढं एक. उघडेना.

“ज्येष्ठ फुडल्या महिन्याला ठेवला असंल, आता अधिक चालू हाय,” म्हणत तिनं ‘अधिक’ टाकलं, पुढं एक. सगळ्या मजल्यांचे सगळे पेशंट समोर उलगडले.

महेश्वरनं घाईनं स्क्रीन बंद केला. मॅडमनी मेमो मागून घेतला आणि फाडला. “जा सिस्टर, कामाला लागा.”

“आन नियम?”

“तो सॉफ्टवेअर कंपनीकडून आलाय,” महेश्वर पुटपुटला. “तुमचे आज तीस दिवस भरतायत.”

वॉर्डातला कॉम्प्युटर नवा पासवर्ड मागत होता. मायाक्कानं त्याच्याकडं पाठ केली, लाल पेन काढलं आणि पहिल्या खाटेवरची फाईल उचलली.

“मावशी, कुटलं औषध सोसत न्हाय तुमाला? नीट आटवून सांगा.”