मध्ये कुणीच नाही

कुनियासुचं लग्न बुत्सुमेत्सुला ठरलं, आणि त्याच्या आईने, तोमिए-सानने, जे तोंड पाडलं ते वर केलंच नाही. पंचांगातला सगळ्यात अशुभ दिवस. पण कानाझावातला हवा तो हॉल दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळेना.

“साकाकी, भाषणात काहीतरी कर बाबा,” कुनियासु म्हणाला. “नाहीतर सून म्हणून मिनोरी जन्मभर अपशकुनी ठरेल.”

मित्रासाठी साकाकीने विडा उचलला. मिनोरी त्याची सोरोबानच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवरच्या हिशेबाच्या, वर्गातली जुनी सोबतीण. दोघं मणी सरकवतच मोठी झालेली. कुनियासु तिला भेटला शहराच्या मॅरेथॉनमध्ये. तिच्या छातीवर ९९४० क्रमांक होता, त्याच्या ०८९१. साकाकीने दोन्ही आकडे शेजारी ठेवले: ९९४००८९१. ही मूळ संख्या निघाली, कशानेच भागली नाही, तर काम फत्ते. लग्नात ‘तुटणं’ हा शब्दही चालत नाही. आहेराच्या नोटासुद्धा दोघांत सारख्या वाटता येणार नाहीत इतक्याच घालतात.

गणकयंत्राला हात लावणं वर्गात पाप. त्यामुळे एकेका मूळ संख्येने त्याने महिनाभर मण्यांवर भागून पाहिलं. संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ९९७० च्या आत सगळ्या तपासायच्या होत्या. ९९४९ ला बोटं आखडली. इतक्या जणींना जमलं नाही, शेवटच्या विशीत कोण दिवे लावणार, म्हणून तो थांबला.

भाषण रंगलं. तोमिए-सानने पहिल्यांदाच मान वर केली.

“म्हणजे कुणालाच भागता येत नाही?”

“कुणालाच नाही, काकू.”

तेवढ्यात त्याला मिनोरीची बोटं दिसली. किमोनोच्या बाहीशी ती हवेतले मणी सरकवत होती. मग थांबली.

“कुठे थांबला होतास रे?” तिने विचारलं.

“नऊ हजार नऊशे एकोणपन्नासला.”

“आळशी तो आळशीच. पुढची एकच राहिली होती.” ती सासूकडे वळली. “आई, खोटं उत्तर मला तसंच सोडून देववत नाही. ही संख्या भागते. ९९७० च्या वर्गाहून ती फक्त नऊने कमी आहे, आणि नऊ हा तीनचा वर्ग. म्हणजे तीन मागे आणि तीन पुढे: ९९६७ गुणिले ९९७३.”

तोमिए-सानची मान पुन्हा खाली गेली, आणि कुनियासुने डोळेच मिटले.

“पण ऐका ना,” मिनोरी म्हणाली. “मूळ संख्या म्हणजे एकटा जीव. तिच्या घरात दुसरं कुणी नसतं. ही दोघांनी मिळून झालीय. दोघंही न तुटणारी, आणि अगदी सख्खे शेजारी. मूळ संख्यांच्या रांगेत त्यांच्या मध्ये कुणीच नाही. बाहेरच्या कुणी कितीही जोर लावला तरी भाग जायचा नाही.”

तोमिए-सानने पुन्हा मान वर केली.

“मध्ये कुणीच नाही?”

“कुणीच नाही, आई.”

“सासूसुद्धा?”

मिनोरी कानापर्यंत लाल झाली. एवढा हिशेब तिने केला नव्हता.

“दोघांत अंतर किती आहे?” तोमिए-सानने विचारलं.

“सहाचं.”

“मग मला तेवढी जागा पुरे,” म्हणत त्यांनी साकेचा पेला सुनेपुढे धरला.