शिफ्टआधीचं गाणं

“आमू, याचा अर्थ सांग बरं,” बशीतला चहा फुंकत पप्पा म्हणाले. “‘पळ रे पळ, थांबू नको, तुझ्यासारखे दारात शंभर.’ रोज शिफ्टच्या आधी स्पीकरवर लावतात. ते ड्रम वाजतात धाडधाड अन् आम्ही सगळे रांगेत हात वर करून व्यायाम करतो.”

पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. गाणं कुठल्याशा रॉक बँडचं. शहर माणसाला कसं पिळून फेकून देतं, हे ओरडून सांगताना त्या पोरांनी घसे फोडले होते. एचआरच्या निरंजनसाहेबांना त्यातलं फक्त ‘पळ’ ऐकू आलं होतं.

“शंभर म्हणजे काय म्हणाले साहेब?”

“टीमवर्क. आपल्यासोबत शंभर जण हायेत.”

मराठीत एम.ए. करताना मी बरीच समीक्षा वाचली, पण एवढा थोर अन्वयार्थ कुणी लावला नव्हता.

“पप्पा, ती धमकी आहे. थांबलात तर दुसरा ठेवतील. गाणारा धमकी देणाऱ्यालाच शिव्या घालतोय आणि तुमचे साहेब त्यावर तुम्हाला नाचवतायत.”

पप्पांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजे शिव्या साहेबांना, अन् बटण पण साहेबच दाबतात!”

“हसत बसा,” आई आतून म्हणाली. “कंपनीची बस गेली म्हंजे कळंल.”

“जाऊ दे की. दारात शंभर हायेत म्हणं.”

दुसऱ्या दिवशी व्यायामातच ते मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, धम्मपालभाऊंची नेहमीची थट्टा. त्यांच्यासोबत काम करणारे हिंदुरावकाका मला म्हणाले, “गाणं संपल्यावर उचललं बघ. मधेच रांग सोडली की खाडा लागतो.” हे सांगताना त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पप्पा गेले. चऱ्होलीच्या विहारात त्यांचं पुण्यानुमोदन झालं. वंदना आटोपल्यावर निरंजनसाहेब माइकपाशी गेले. कोट घालून आले होते. “धम्मपालजी म्हणजे आपल्या गाण्याचं चालतंबोलतं रूप. अखेरच्या श्वासापर्यंत पळत राहिले.” सगळ्यांनी माना हलवल्या. आईनेही. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. “त्यांचं आवडतं गाणं ऐकू या.”

म्हणजे आता पप्पा कायमचे असेच राहणार होते. पळणारे.

मी उठले. मुलगी आभार मानणार, असं समजून साहेबांनी माइक दिला. जे बोलायचं होतं ते मी घरातही कधी बोलले नव्हते.

“माझे पप्पा पळणाऱ्यांतले नव्हते,” मी म्हणाले. “आळशी होते. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत पाय पसरून बसायचे आणि दिवसभर काही म्हणजे काही करायचे नाहीत. मला ते तसेच फार आवडायचे.”