कुळाचा रोट

लुसिया पोर्तुगालहून जळगावच्या कॉलेजात शिकायला आली, त्याला महिनाही झाला नव्हता. जळगावात अंधार पडल्यावर करण्यासारखं काहीच नसतं, असं ती एकदा म्हणाली आणि तिच्या वर्गातल्या मोनालीला ते झोंबलं. श्रावणातल्या रविवारी मोनालीच्या घरी कानबाई देवी बसणार होती. मोनालीने लुसियाला थेट पिंप्राळ्याला घरीच नेलं. बघच म्हणावं आता!

दिवसभर तिने लुसियाला खाऊ घालून हैराण केलं. सकाळी कचोरी, दुपारी झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. लुसियाच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिने भाकरी पुन्हा मागितली. "आमच्याकडे पाहुणा उपाशी जात नाही," हे मोनाली दहा वेळा तरी म्हणाली असेल. फुशारकीची तिला भारी हौस.

संध्याकाळी नारळाला नथ घालून, साडी नेसवून कानबाई बसवली. मग ममता आत्याने गाणी धरली. मोनालीची ही आत्या त्यासाठी खास चोपड्याहून आली होती आणि गल्लीतल्या एकाही बाईला घरी जाऊ देत नव्हती. लुसियाने शब्द न कळता टाळ्यांचा ठेका धरला, फुगड्या घातल्या, रात्र जागून काढली, आणि सकाळी ती कानबाईला निरोप द्यायला अनवाणी तलावावरही गेली. मोनालीला तिचा कोण अभिमान वाटला.

परतल्यावर ताटं मांडली. लुसिया मोनालीशेजारी मांडी घालून बसली. तेवढ्यात मोठे काका, प्रेमराज, आत आले.

"पोरी, तिले बाहेर बसाड. रोट आपला कुळनाच खातस."

कानबाईचा रोट म्हणजे गोड, जाडसर पोळी. त्यांच्या घरात तो कुळाबाहेरच्या कुणाला देत नाहीत, दार लोटून खातात. मोनालीला हे लहानपणापासून माहीत होतं. इतकं माहीत, की लुसियाला बोलावताना ते डोक्यातही आलं नाही. एरवी काकांशी वाद घालायला तिचं तोंड चुरूचुरू चालायचं. आज ती लुसियाकडेच वळली.

"तू दमलीस. ओट्यावर वाऱ्याला बस जरा," ती लुसियाला म्हणाली.

लुसिया निमूट उठली. दारात थांबून तिने इंग्रजीत विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"छे गं," म्हणत मोनालीने दार लोटलं.

आत हसणं-खिदळणं सुरू झालं. मोनाली रोट नुसता कुसकरत राहिली. स्वतःची लाज वाटत होती, काकांचा राग येत होता, आणि त्या रागाची तर आणखीनच लाज वाटत होती, कारण दार काकांनी लावलं नव्हतं. शेवटी ती ताटावरून उठली आणि बाहेर आली.

ओट्यावर लुसिया एकटी नव्हती. शेजारी ममता आत्या बसली होती. दोघी केळी खात होत्या. गाऊन गाऊन आत्याचा आवाज पार बसला होता.

"आत्या, तू इथे कशी?"

"मनं लगीन व्हयी गयं ना माय. आते मी ह्या कुळनी नही," आत्या सहज म्हणाली. "दरसाल आठेच बसस मी."

दरसाल इथेच. मोनाली दरसाल आत पोटभर जेवली होती, आणि रात्रभर गाणारी आत्या जेवायच्या वेळी कुठे जाते, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"बस ना," आत्या जरा सरकली. "जागा शे."

मोनालीला मान वर करवेना.