फट पाडलेलं नरसाळं

लायसन हातात पडलं तशी अहल्या कुठेही न थांबता घरी आली आणि थेट मागच्या अंगणात गेली. सत्तावन्नाव्या वर्षी गाडी शिकणं म्हणजे काही गंमत नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी, "अम्मा, तुमच्या मुलाला पाठवा ना शिकायला," असं सुचवून बघितलं होतं. अहल्याला मूल नव्हतं, आणि माघार घ्यायची सवयही नव्हती. हनुमंतनगरातले चढ-उतार, बसवनगुडीतल्या गायी आणि रिक्षावाल्यांचे हॉर्न, सगळ्यांना पुरून उरून तिने परीक्षा दिली होती.

नरसिंहराव कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते. त्यांनी लायसन डोळ्यांपासून लांब धरून बघितलं.

"फोटो बरा आलाय," ते म्हणाले. मग पाइपाकडे बघत, जणू काही विशेष नाही अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "रविवारी आनेकलचा उपेंद्र येतोय. गाडी बघायला."

"कुठली गाडी?"

"आपली. त्याला घ्यायची आहे."

अहल्याला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. घरासमोर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली उभी असलेली ती पांढरी फियाट म्हणजे नरसिंहरावांचा जीव होता. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर यंत्रांच्या भागांचे नकाशे काढले. त्यांची रेघ केसासारखी बारीक आणि सरळ असायची. साहेबलोक नवीन माणसांना त्यांचे कागद दाखवायला घेऊन यायचे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जिवाला धोका नाही, तुमच्या वडिलांना होतं तसंच हे आहे, याच्याबरोबर राहायला शिका. त्याच दिवशी नरसिंहरावांनी गाडीची किल्ली अहल्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू शिक." शिकायला लावणारे तेच, आणि शिकून झाल्यावर गाडी विकणारेही तेच.

त्या संध्याकाळी ती त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला राहवेना.

"अहो, का विकताय?"

नरसिंहरावांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "तेलासाठी."

दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून इंजिनचं तेल बघायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. तेलात बुडलेली लांब पट्टी बाहेर ओढायची, पुसायची, परत भोकात घालायची, पुन्हा काढायची आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते बघायचं. ते भोक जेमतेम बोटाएवढं. हल्ली पट्टीचं टोक त्या भोकाभोवती नुसतं टकटक वाजत राहायचं, आत जायचं नाही. मागच्या वेळी पट्टी हातातून निसटून मातीत पडली होती.

"मी कुणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "पण तेव्हापासून बघितलंही नाही. जुनं इंजिन आहे, स्वल्प तेल पितं ते. एखाद्या दिवशी तेल संपलेलं असेल आणि तू भररस्त्यात अडकशील. ते नको मला."

"एवढंच ना? मग मी बघत जाईन."

"बघ बरं."

ती बाहेर गेली आणि बॉनेट उघडलं. आत सगळं काळं. त्या काळ्यात पट्टीची काळी मूठ शोधता शोधता तिचा हात दोनदा भलत्याच तारेला लागला. शेवटी मूठ सापडली, पट्टी निघाली, पुसून घालून परत काढलीही. पण चष्मा वर-खाली करूनही तिला तेल कुठे दिसेना. नुकतंच बदललेलं तेल पाण्यासारखं स्वच्छ आणि पट्टी आरशासारखी चकचकीत.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "मी घालते, तुम्ही बघा. दोघं मिळून करू."

"म्हणजे मी मागे हात बांधून उभं राहायचं आणि मान हलवायची," नरसिंहराव म्हणाले आणि आत निघून गेले.

अहल्या बॉनेटपाशी उभी राहिली. तेलाचा प्रश्न तर सुटला होता, एका वाक्यात सुटला होता. पण यांना ते हवंच नव्हतं. यांना ती पट्टी आपल्या हाताने घालायची होती. तिने बॉनेट बंद केलं आणि मनाशी ठरवलं की रविवारच्या आत यावर काहीतरी करायचं, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

वरच्या मजल्यावर मुग्धा राहायची. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, कॉम्प्युटर कंपनीत कामाला, दिवसभर धावपळीत. अहल्या जिना चढून गेली आणि तिने विचारलं, "तुझ्याकडे नखांना लावायचा लाल रंग आहे का? अगदी भडक?"

मुग्धाने आधी अहल्याच्या नखांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. "काकू, काही फंक्शन आहे का?"

"गाडीला लावायचाय."

सगळं ऐकल्यावर मुग्धा स्वतःच बाटली घेऊन खाली आली. नरसिंहराव दुपारी झोपलेले असताना दोघींनी पट्टी बाहेर काढली आणि तिच्या मुठीला रंगाचे दोन हात दिले. "मस्त दिसतंय," मुग्धा फुंकर घालत म्हणाली. "आता अंधारातसुद्धा सापडेल."

चकचकीत पट्टीचं काय करायचं ते अहल्याला स्वयंपाकघरात सुचलं. नव्या स्टीलच्या ताटलीवर तेल सांडलं तर दिसत नाही, पाय घसरल्यासारखं बोट घसरतं तेव्हाच कळतं. पण घासून घासून ओरखडे पडलेल्या जुन्या ताटलीवर तेलाचा डाग चटकन उठून दिसतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून तिने पॉलिश पेपर आणला आणि पट्टीचं खालचं टोक घासघासून पार खरखरीत केलं. मग कण राहू नयेत म्हणून जुन्या धोतराच्या फडक्याने तीनतीनदा पुसलं. पट्टी बुडवून काढली तर खुणांच्या मधोमध तेलाची गडद, ओली रेघ. चष्म्यावाचूनही दिसत होती.

राहिलं भोक. खोबरेल तेल डब्यातून बाटलीत ओतायचं तिचं एक पत्र्याचं छोटं नरसाळं होतं. डब्यातली तेलाची धार कितीही वाकडीतिकडी पडली तरी नरसाळं ती मुकाट्याने बाटलीत नेऊन सोडतं. शनिवारी नरसिंहराव फिरायला बाहेर पडल्याबरोबर तिने ते इंजिनावर नेऊन बसवलं. नळी भोकात अगदी बेताची बसली. मग रस्त्यावर कुणी नाही असं बघून अहल्याने एक काम केलं. तिने स्वतःचा हात मुद्दाम थरथरवला. जितका थरथरवता येईल तितका. पट्टीचं टोक नरसाळ्याच्या पत्र्यावर इकडून तिकडे आपटलं, घरंगळलं आणि अलगद खाली उतरलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा उतरलं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

मग तिने पट्टी वर काढून बघितली आणि हसू गेलं. तेल फक्त शेवटच्या टोकाला लागलं होतं. खालच्या खुणेच्याही बरंच खाली.

काल तर भरपूर होतं. एका दिवसात एवढं तेल गेलं कुठे? तिने गाडीखाली वाकून बघितलं, जमीन कोरडी. तोंडातून शब्द न काढायचा बेत तिथेच मोडला. नरसिंहराव फाटकातून आत येताच ती म्हणाली, "अहो, गाडीत तेलच नाही."

"तुला कसं कळलं?" असं विचारत ते भराभर आले आणि बॉनेटपाशी थांबले. लाल मूठ. इंजिनावर उभं असलेलं नरसाळं. खरखरीत झालेली पट्टी. त्यांनी एकेक गोष्ट नीट बघितली. मग पट्टी हातात घेतली. हात थरथरत होता. टोक पत्र्यावर आपटलं, घरंगळलं आणि आत गेलं.

 अहल्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मग ते वाकले, नरसाळ्यात डोकावले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते. कितीतरी महिन्यांत हसले नव्हते असे, कंबरेवर हात ठेवून.

"अगं, तेल आहे तिथेच आहे. मूठ नरसाळ्याच्या गळ्यात अडकलीये. पट्टी चार बोटं वरच लटकतेय, मग तेलाला कशी पोचेल?"

अहल्या खजील झाली. "म्हणजे काही उपयोग नाही याचा."

"कोण म्हणतं?" ते म्हणाले. "टोक आत गेलं की नरसाळं बाजूला निघायला पाहिजे, बस्स. थांब."

त्यांनी व्हरांड्यातून वर्तमानपत्र आणि पेन्सिल आणली आणि समासात नरसाळं काढलं. एका बाजूने वरपासून नळीच्या टोकापर्यंत एक फट. पट्टी आत गेली की नरसाळं जरा वर उचलायचं आणि फटीतून पट्टी सोडवत आडवं ओढून घ्यायचं. रेघ नागमोडी आली. ते त्या रेघेकडे बघत राहिले, आणि अहल्याने जवळ जाऊन कागद हातात घेतला.

"समजतं?" त्यांनी विचारलं.

"स्पष्ट समजतं."

पत्रा कात्रीने तिने कापला. कापलेल्या कडा हाताला लागू नयेत म्हणून घासायचं काम त्यांनी घेतलं. मागच्या शेडमधला शिकंजा धूळ झटकून उघडला, नरसाळं त्यात आवळलं आणि कानस दोन्ही हातांनी दाबून चालवायला सुरुवात केली. अहल्याच्या लक्षात आलं की जोर लावून काही करताना त्यांचा हात जवळजवळ थरथरत नाही. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण नरसाळं झाल्यावर ते थांबलेच नाहीत. पट्टी शिकंज्यात धरून त्यांनी दोन्ही खुणांशी कडेला एकेक खाच पाडली. "डोळ्यांनी नाही दिसलं तर नखाने कळेल," ते म्हणाले. पुसायचं फडकं दर वेळी हरवतं म्हणून अहल्याने कपडे वाळत घालायचा चिमटा आणला आणि फडकं बॉनेटच्या कडेला टांगलं. काम झालं की काढून घ्यायचं, अशी ताकीद त्यांनी लगेच दिली. इंजिनाजवळ कापड राहू द्यायचं नाही.

संध्याकाळी मुग्धा कामावरून आली तेव्हा दोघं नवराबायको फियाटच्या बॉनेटमध्ये डोकं घालून वाद घालत होते, आणि दोघांचेही हात काळे होते.

रविवारी उपेंद्र आला. नात्यातला, आनेकलला शेती आणि भाताची गिरणी असलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. "अण्णा, गाडी तर नव्यासारखी ठेवलीत," म्हणत त्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि बॉनेट उघडलं. "ही मूठ लाल कशाला?"

नरसिंहराव याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी चिमट्याने फडकं टांगलं, नरसाळं बसवलं, पट्टी काढली, पुसली. हात थरथरला, उपेंद्रने तो बघितला आणि शिष्टाचाराने नजर वळवली. "इकडे बघ," नरसिंहराव म्हणाले. "थरथरतो म्हणूनच बघ." पट्टी आत उतरली, नरसाळं फटीतून बाजूला आलं, मूठ जागेवर टेकली. त्यांनी पट्टी बाहेर काढून ओली रेघ उपेंद्रच्या नाकासमोर धरली.

उपेंद्रने नरसाळं हातात घेऊन उलटंपालटं केलं. "अण्णा, असलं आमच्या ट्रॅक्टरला बसेल? आमच्या वडिलांनाही आता तेल बघायला जमत नाही. कुणाला हात लावू देत नाहीत, आणि स्वतःला होत नाही. घरात रोज भांडण."

"नळीचं माप फोनवर सांग. करून देतो."

"आणि गाडीचं?"

अहल्या दाराशी उभी होती. तिने पदर बोटाला गुंडाळला होता आणि तो आणखी आवळला.

"गाडी नाही रे विकायची," नरसिंहराव म्हणाले. "तुला उगाच एवढ्या लांब बोलावलं. चालवणारी आहे घरात, आणि तेल बघणारा मी आहे."

उपेंद्रला राग आला नाही. उलट पुढच्या रविवारी जेवायला यायचंच, वडिलांना सगळं दाखवायचं, असं वचन घेऊनच तो उठला.

त्या रविवारी अहल्याने पहिल्यांदा गावाबाहेर गाडी काढली. मागे मुग्धा, शेजारी नरसिंहराव, आणि त्यांच्या मांडीवर पिशवीत ट्रॅक्टरसाठी केलेलं नवं नरसाळं. होसूर रस्त्यावर लॉऱ्या इतक्या जवळून जात की मुग्धाने दोनदा डोळे मिटले. अहल्याने नाही मिटले. सिल्क बोर्डपाशी तिचे तळहात घामाने ओले होते. बोम्मसंद्र मागे पडलं तेव्हा ती गाणं गुणगुणत होती आणि तिला स्वतःला ते माहीत नव्हतं.

चंदापुराला आनेकलकडे वळायच्या आधी नरसिंहराव म्हणाले, "इथे थांबव. तेल बघू."

"सकाळीच बघितलंत ना?"

"लांबचा प्रवास आहे."

चहाच्या टपरीसमोर तिने गाडी उभी केली. लॉरीवाले बाकावर बसले होते. इंजिन बंद करून तेल खाली उतरेपर्यंत स्वल्प थांबावं लागतं, हे नरसिंहरावांनी मुग्धाला सांगितलं, पण बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग बॉनेट उघडलं. पहिल्यांदा एक लॉरीवाला उठून आला, मग दुसरा, मग टपरीवालासुद्धा किटली हातात घेऊन. नरसिंहराव कानडीतून समजावत होते. त्यांनी पट्टी घातली, काढली, आणि मग एका लॉरीवाल्याच्या हातात देऊन म्हणाले, "आता तुम्ही करा. डोळे मिटून करा."

लॉरीवाल्याने खरंच डोळे मिटले. भोवतालचे हसले. पट्टी आत गेली तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच "आहा" निघालं.

अहल्या गाडीच्या दाराला टेकून बघत होती. उन्हात नरसिंहरावांचे पांढरे केस उडत होते आणि थरथरणाऱ्या हातांनी ते हवेत नरसाळ्याचा आकार काढून दाखवत होते. आनेकलला उपेंद्रकडे पानं वाढून ठेवली असतील, हे तिला दिसत होतं.

"काकू, सांगू का त्यांना, उशीर होतोय म्हणून?" मुग्धाने विचारलं.

"काही सांगू नकोस," अहल्या म्हणाली आणि टपरीवाल्याला हाक मारून तिने दोन चहा सांगितले.