पंचफुलाबाईचा नवा दम

मी फुकणी. हातभर लांब, लोखंडाची, काळी. गॅसवर भाकरी करणाऱ्या पोरींना मी माहीत नसेन, म्हणून सांगते. चुलीतला विस्तव मंदावला की बाई माझ्या एका टोकाला तोंड लावून फुंकते, दुसऱ्या टोकाला जाळ होतो. एवढंच माझं काम, आणि ते मी कधी चुकवलं नाही.

कळमनुरीच्या बाजारात एका लोहारानं मोडक्या सायकलच्या दांडीतून मला कापलं. आशाबाईनं मला घेतलं ते सून येणार म्हणून. सून आली, पंचफुलाबाई. पहिल्याच दिवशी तिनं अशी फुंक मारली की राख उडून सासूच्या लुगड्यावर बसली.

"बाई हाये का वावटळ?" सासू म्हणाली.

"वावटळच हाये आत्याबाई. लुगडं सांभाळा."

मला ती तेव्हाच आवडली.

तिचा श्वास मला जितका ठाऊक, तितका तिच्या नवऱ्यालाही नाही. राग आला की आखूड. लेकरू तापलं की थरथरता. मनात गाणं असलं की लांब, सरळ. पुढं पुढं तो माझ्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेना. मधेच मरायचा आणि त्याच्या मागून खोकला यायचा. घरचे म्हणायचे, कामानं दम लागतो. आधी शेळ्यांमागं फिरणं सुटलं, मग घागर सुटली, शेवटी बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटायला लागलं.

नांदेडला तपासलं तेव्हा कळलं, फुप्फुसं कडक झाली. धूर हे एकच कारण नसतं, असं डॉक्टर म्हणाले, पण इथून पुढं धूर म्हणजे विष. औषधानं ती मऊ व्हायची नाहीत. दुसऱ्याची बसवावी लागतील, नाही तर ही बाई जाईल.

आशाबाई पोराला म्हणाली, "भुजंगा, काहून थट्टा करून राहिला? दम कोणी उसना देतो का?"

खरं सांगते, मलाही ती थट्टाच वाटली.

गेलेल्या माणसाची फुप्फुसं मिळाली की फोन येईल, तो आल्याबरोबर दवाखान्यात पोचता आलं पाहिजे, गावाकडं राहून जमणार नाही, असं हैदराबादच्या दवाखान्यानं सांगितलं. म्हणून तिथं जवळच खोली केली. आशाबाईनं भांड्यांच्या गाठोड्यात मलाही बांधून दिलं.

एक दिवस करुणा खोली बघायला आली. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी, आपल्या नांदेडकडची. भिंतीला ओल आहे का, धूळ कुठून येते, सगळं बघत होती. गाठोड्यात मी सापडले.

"इथं तर गॅस आहे. ही काहून आणली?"

"मायनं देली," भुजंग म्हणाला. "म्हणली, शहराचा काय भरोसा."

करुणा इतकी हसली की पंचफुलाबाईला नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीसकट हसू आलं आणि मग खोकला. "फेकून द्या मावशी हिला, काजळी आहे."

"ती न्हाई फेकायची. माझा खरा दम फक्त तिनं पाह्यला."

मग मला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कपाटावर ठेवलं. मी तिथूनच ऐकायचे.

काय काय ऐकलं! एका शेळ्या राखणाऱ्या बाईच्या दमासाठी किती माणसं लागली होती. एक डॉक्टर तपासणारा, एक कापणारा, एक बाई काय खायचं ते सांगणारी, एक मनाचं ऐकून घेणारी. भुजंगला वेगळं बसवून औषधं शिकवली. त्याला म्हणाले, तुमी पण आमच्यातलेच आता. तो खोलीत येऊन मान ताठ करून गोळ्यांची नावं घोकायचा. पंचफुलाबाई ऑक्सिजन लावून दवाखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर चालायची. "जागच्या जागी चालते," ती सांगायची, "घाण्याच्या बैलासारखी."

एका दुपारी फोन आला. दोघं तसेच पळाले. संध्याकाळी परत आले. आलेली फुप्फुसं चांगली निघाली नव्हती. भुजंगनं भिंतीवर मूठ आपटली.

"थांब," ती म्हणाली. एकेक शब्दाला दम घेत म्हणाली. "तिकडं. कोणाचं माणूस गेलं. आन तू. भिंतीला मारून राहिला."

त्यानंतर तिचा श्वास असा वाजायचा, जसा फाटका भाता. मी वरून ऐकायचे आणि वाटायचं, हा शेवटचा.

पुन्हा फोन आला. या वेळी भुजंग एकटाच परतला, कपडे न्यायला. शेजाऱ्याला सांगत होता. रस्त्यावरची गर्दी पोलिसांनी बाजूला सारली, आणि एका थंड पेटीत कोणाचा तरी श्वास आला. कोणाचा, ते सांगत नाहीत. घरच्यांनी रडता रडता दिला, एवढंच सांगितलं. सांगताना भुजंगनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती, देवळात धरतात तशी.

कितीतरी आठवड्यांनी ती खोलीवर आली. रात्री झोपली, आणि मी घाबरले. श्वास ऐकूच येईना. माझं आयुष्य तो आवाज ऐकण्यात गेलं, आणि आता खोलीत काहीच नाही. भुजंगही उठला. अंधारात तिच्याकडं टक लावून बसला. मग त्याला छाती वर-खाली होताना दिसली. चांगला श्वास वाजत नसतो. इतकी साधी गोष्ट आम्ही दोघं विसरून गेलो होतो.

वर्षानं गावी आलो. तोंडाला मास्क, शेळ्यांना हात लावायचा नाही, धुरात जायचं नाही. आशाबाईनं फोनवर सगळ्याला व्हय व्हय म्हटलं होतं. पण सून मरणाच्या दारातून आली, तिची दृष्ट काढल्याशिवाय घरात कशी घ्यायची? अंगणात शेगडी पेटवून ठेवली होती. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. गल्लीतल्या बाया जमल्या. आशाबाईनं गाठोड्यातून मला ओढलं आणि निखाऱ्यावर फुंकायला लागली. मिरच्या पडल्या असत्या तर तो ठसका अख्ख्या गल्लीनं घेतला असता.

पंचफुलाबाई फाटकाबाहेरच थांबली.

"आत्याबाई, आधी इस्तू इझवा. मंग येते."

"अगं पोरी, गावाची नजर हाये."

"नजरेनं मरन तवा मरन. धुरानं आजच मरन."

एक बाई मागून म्हणाली, "शहराचं वारं लागलं."

"व्हय, लागलं," ही फिरून म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकराचं वारं हाये माझ्या छातीत. ते मिरचीत जाळू का, तुमी सांगा."

आशाबाईनं फुंकणं थांबवलं. मग तिनं मला खाली टाकलं आणि घागर उचलून शेगडीवर ओतली. वाफ निवेपर्यंत सगळे थांबले. मीठ-मोहरी तिनं लांबूनच सुनेवरून ओवाळली आणि बादलीतल्या पाण्यात बुडवली.

सून आत आली. म्हातारी मात्र अंगणातच. तिनं घरातून आणखी एक मूठ मीठ आणलं.

"आता कोणाची?" भुजंगनं विचारलं.

"त्या माउलीच्या घराची. ज्यानं देलं त्याची माय असंलच ना कुठं." आणि रिकाम्या हवेत, हैदराबादकडं तोंड करून, तिनं ते मीठ ओवाळलं. बायांनी डोक्यावरचे पदर सारखे केले.

आता मी अंगणाच्या कोपऱ्यात पडून असते. घरात गॅस आहे. पंचफुलाबाई रोज सकाळी टेकाडापर्यंत चालते, आणि तिचा श्वास मला ऐकू येत नाही. यापेक्षा मोठं मी काही पाहिलं नाही, आणि पाहायचंही नाही.

बायांनो, दम लागला तर कामानं लागला म्हणून गप बसू नका. दवाखाना गाठा. आणि घरातलं माणूस जाताना कोणी हात जोडून त्याचे अवयव मागायला आलं, तर त्याला हाकलू नका. माझी काळजी करू नका. मला गंजू द्या.